किंग क्रिमसन ऐकायचंय? आधी ड्रमवर कोण बसलंय ते बघा

किंग क्रिमसन या ब्रिटिश रॉक बँडकडे वळलेले बरेच जण दुसऱ्याच अल्बमला अडखळतात. कुणीतरी १९६९ चा पहिला अल्बम ऐकवलेला असतो. बासरी, संथ गाणी, ढगांसारखे भरून येणारे सूर, सगळं मनात भरतं. मग त्याच नावाचा १९८१ चा 'डिसिप्लिन' लावला जातो आणि बासरी गायब, गायक वेगळा, दोन गिटार शिवणयंत्रासारख्या चालू. स्पॉटिफायनं चुकून भलताच बँड लावला की काय, असं वाटतं. चूक कुणाचीच नसते. बँड खरोखरच भलता असतो, नाव तेवढं तेच.

१९६९ ते २०२१ एवढ्या काळात या बँडचे स्टुडिओ अल्बम फक्त १३. मधे तो बंद पडला, पुन्हा उभा राहिला, पुन्हा बंद पडला. पहिल्या दिवसापासून शेवटच्या मैफलीपर्यंत टिकलेला माणूस एकच, गिटारवादक रॉबर्ट फ्रिप. आणि तो गात नाही. रंगमंचावर स्टुलावर बसून, शक्यतो प्रकाशझोत चुकवून वाजवतो. त्यामुळे 'गायकावरून बँड ओळखायचा' ही आपली सवय इथं कामाची नाही. ग्रेग लेक, गॉर्डन हॅस्केल, बॉझ बरेल, जॉन वेटन, एड्रियन बेल्यू, जॅको जॅकझिक अशी गायकांची रांगच आहे, आणि त्यातला कुणीही 'किंग क्रिमसनचा आवाज' म्हणता येत नाही.

माझा उपाय साधा आहे: ड्रमर बघा. या बँडच्या इतिहासात ड्रमवरचा माणूस बदलला, किंवा त्याच माणसाला वेगळे नियम घालून दिले, की संगीत बदललं असं जवळजवळ प्रत्येक वेळी घडलंय. खालचा क्रम त्याच हिशेबानं लावलाय. तो कालक्रमानुसार नाही आणि मुद्दामच नाही.

पायरी पहिली: 'स्टारलेस', आणि फक्त 'स्टारलेस'

सुरुवात १९७४ च्या 'रेड' अल्बमच्या शेवटच्या गाण्यापासून करा. बारा मिनिटांचं आहे. हेडफोन घाला, फोन बाजूला ठेवा. बस-लोकलच्या गोंगाटात हे गाणं ऐकलंत तर त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग ऐकूच येणार नाही, कारण तो भाग जवळजवळ कुजबुजीतून सुरू होतो.

पहिली साडेचार मिनिटं सरळ गाणं आहे. मेलोट्रॉनचे सूर, त्यावर गिटारची एक उदास धून, मग जॉन वेटनचा भरदार आवाज. (मेलोट्रॉन म्हणजे पट्टी दाबली की आत टेपवर मुद्रित केलेला व्हायोलिनचा वगैरे आवाज चालू होतो असं वाद्य. प्रत्येक पट्टीची टेप साधारण आठ सेकंदांत संपते, त्यामुळे वादकाला बोटं सतत हलती ठेवावी लागतात. सत्तरच्या दशकातल्या प्रॉग रॉकचा, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकचा, तो विशिष्ट थरथरता आवाज इथून आला.)

मग गाणं थांबतं. बेस गिटार १३ मात्रांचं आवर्तन धरते. फ्रिप एकच सूर दोन तारांवर आलटूनपालटून वाजवत राहतो, आणि बऱ्याच वेळानं एकेक पायरी वर चढतो. एवढंच. पण लक्ष त्याच्याकडे देऊ नका. ड्रमर बिल ब्रुफर्ड काय करतोय ते ऐका. सुरुवातीला तो जवळजवळ काहीच करत नाही. इकडे एक टिचकी, तिकडे लाकडाचा एक ठोका. १३ मात्रा तो मोजून दाखवत नाही, त्यांच्या आजूबाजूला फिरतो. मिनिटामिनिटाला थोडं थोडं वाढवत नेतो आणि शेवटी सगळा डोलारा कोसळतो तेव्हा लय दुप्पट होते, सॅक्सोफोन घुसतो, आणि अगदी शेवटी सुरुवातीची धून परत येते.

रूपक तालाच्या सात मात्रा हातावर मोजायची सवय असेल तर १३ मोजणं अवघड जाणार नाही. नसेल तरी बिघडत नाही. फक्त सम कुठं येते याचा अंदाज घेत राहा.

हे आवडलं तर पुढं वाचा. नाही आवडलं तर दुसरी पायरी करून बघा, ती पूर्णपणे वेगळी आहे. तीही नाही आवडली तर हा बँड तुमचा नाही. त्यात काही कमीपणा नाही.

पायरी दुसरी: १९६९ चा अल्बम, मायकेल जाइल्सचे कान लावून

'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग'. मुखपृष्ठावर तो किंचाळणारा लालबुंद चेहरा. तो काढणारा बॅरी गॉडबर पेशानं कॉम्प्युटर प्रोग्रॅमर होता. अल्बम आल्यावर चारेक महिन्यांतच, वयाच्या २४ व्या वर्षी तो गेला. त्याचं हे एकमेव अल्बम-मुखपृष्ठ.

बँडची पहिली तालीम १३ जानेवारी १९६९ ला लंडनच्या फुलहॅम पॅलेस रोडवरच्या एका कॅफेच्या तळघरात झाली. ५ जुलैला हाइड पार्कात रोलिंग स्टोन्सच्या मोफत कार्यक्रमात, लाखोंच्या गर्दीपुढं ते वाजवत होते. १० ऑक्टोबरला अल्बम बाजारात. आणि १४ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत या संचाचा शेवटचा कार्यक्रम! वर्षाच्या आत सगळं आटोपलं. अमेरिकेच्या दौऱ्यावर असतानाच बासरी-सॅक्सोफोनवादक इयन मॅक्डोनल्ड आणि ड्रमर मायकेल जाइल्स यांनी सोडायचं ठरवलं. बँड टिकावा म्हणून 'मीच बाहेर पडतो' असं फ्रिपनं त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी ते मानलं नाही. ग्रेग लेकला त्याच दौऱ्यात किथ इमर्सन भेटला आणि पुढं इमर्सन, लेक अँड पामर हा दुसराच प्रचंड बँड उभा राहिला.

आता ऐकायचं काय? गाणी पाचच. पहिलं, 'ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन', कर्कश आहे, लेकचा आवाज मुद्दाम चिरकवलेला आहे, शब्द व्हिएतनाम युद्धाच्या सावलीतले. याच्या मधल्या भागात सगळी वाद्यं एकत्र तुटक तुटक धावतात आणि एकाच क्षणी थांबतात. त्या थांबण्यातली ड्रमची सफाई पुन्हा पुन्हा ऐका. जाइल्स जॅझच्या हातानं रॉक वाजवतो. हलका, चपळ, एकही ठोका जागा अडवून बसत नाही. 'एपिटाफ'मध्ये तोच माणूस इतका संथ होतो की ओळखू येऊ नये. ज्यांनी हा अल्बम कधी ऐकला नाही अशांनीही 'स्किझॉइड मॅन'चा तुकडा ऐकलेला असतो, कारण अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टनं २०१० मध्ये 'पॉवर' या गाण्यासाठी तो उचलला होता.

एक सूचना. चौथं गाणं 'मूनचाइल्ड' बारा मिनिटांचं आहे, पण त्यातलं गाणं अडीचेक मिनिटांत संपतं. उरलेला वेळ तिघं वादक अतिशय हळू, जवळजवळ न वाजवता वाजवत बसतात. पहिल्या खेपेला पुढं ढकललंत तरी चालेल. जाणकार नाक मुरडतील, मुरडू द्या.

पायरी तिसरी: 'रेड' पूर्ण, मग त्याच्या आधीचे दोन

इथं मुक्काम करायचा. माझ्या मते १९७२ ते १९७४ चा संच हा किंग क्रिमसनचा गाभा आहे, आणि बाकी सगळं याच्या अलीकडचं किंवा पलीकडचं.

१९७२ मध्ये बिल ब्रुफर्ड 'येस' सोडून इकडे आला. तेव्हा येस हा बँड ऐन भरात होता, 'क्लोज टू द एज' नुकताच मुद्रित झालेला. पैसा आणि प्रसिद्धी समोर दिसत असताना हा गडी उठून अशा माणसाकडे गेला ज्याच्या बँडमध्ये कुणी फार काळ टिकत नव्हतं. त्याच्याबरोबर बेसवर आणि गाण्याला जॉन वेटन, व्हायोलिनवर डेव्हिड क्रॉस, आणि तालवाद्यांवर जेमी म्युअर. म्युअर हे प्रकरण वेगळंच होतं. साखळ्या, पत्रे, शिट्ट्या, हाताला लागेल ते तो वाजवायचा, अंगावर फरचं जाकीट घालून रंगमंचभर फिरायचा, तोंडातून खोटं रक्त काढायचा. या नव्या संगीताला काय म्हणशील असं विचारल्यावर त्यानं 'लार्क्स टंग्ज इन अ‍ॅस्पिक' हे शब्द उच्चारले, आणि तेच १९७३ च्या अल्बमचं नाव झालं. ब्रुफर्ड तोवर नीटनेटका, तल्लख ड्रमर होता. म्युअरच्या शेजारी बसून तो शिकला की आवाज कशातूनही काढता येतो आणि नीटनेटकेपणा ही काही शपथ नाही. म्युअर १९७३ च्या सुरुवातीलाच बँड सोडून स्कॉटलंडमधल्या बौद्ध मठात गेला. २०२५ मध्ये त्याचं निधन झालं. बँडमध्ये काही महिनेच होता, पण पुढच्या ब्रुफर्डमध्ये तो कायमचा राहून गेला.

याचा पुरावा 'रेड'वर आहे. 'वन मोअर रेड नाइटमेअर'मध्ये एक चेपलेला, कचकचीत सिंबल (ड्रम्सबरोबरची धातूची थाळी) सतत ऐकू येतो. तो ब्रुफर्डला तालमीच्या जागी कचऱ्यात सापडला होता. दुसऱ्या एखाद्या ड्रमरनं तो तिथंच राहू दिला असता.

दुसरा पुरावा याच्या अगदी उलट आहे. १९७४ चा 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' बराचसा थेट मैफलींत मुद्रित झालाय. टाळ्या काढून टाकल्यात, त्यामुळे स्टुडिओतला वाटतो. पूर्णपणे स्टुडिओतली गाणी पहिली दोनच. त्यात 'ट्रिओ' नावाचा तुकडा आहे, २३ नोव्हेंबर १९७३ ला अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउ सभागृहात तिथल्या तिथे सुचलेला. व्हायोलिन, बेस आणि मेलोट्रॉन. ब्रुफर्ड काठ्या छातीशी धरून बसून राहिला, एकही ठोका वाजवला नाही. बाकीच्यांनी अल्बमवर त्याचं नाव सहरचनाकार म्हणून घातलं, कारण इथं गप्प राहायचं हा निर्णय त्याचा होता. तुकडा ऐकताना हे माहीत असेल तर शांतता वेगळी ऐकू येते.

या तिघांतला 'रेड' सर्वांत आधी ऐका, मग 'लार्क्स टंग्ज', मग 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक'. 'लार्क्स टंग्ज'चा पहिला भाग सुरू होतो तेव्हा बराच वेळ बारीक किणकिण चालते आणि माणूस आवाज वाढवतो. सावध राहा, पुढं गिटार कोसळते तेव्हा शेजारी दार वाजवतील. 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक'मधलं 'फ्रॅक्चर' शेवटी ठेवलंय ते बरोबरच आहे. त्यातल्या एका लांबलचक भागात फ्रिपचा उजवा हात क्षणभरही थांबत नाही. गिटार शिकणाऱ्यांनी ते आपल्या जबाबदारीवर ऐकावं.

'रेड' निघायच्या आधीच बँड संपला होता. १ जुलै १९७४ ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात शेवटचा कार्यक्रम झाला, डेव्हिड क्रॉसला त्यानंतर वगळलं गेलं, उरलेल्या तिघांनी उन्हाळ्यात लंडनला अल्बम मुद्रित केला. फ्रिप तेव्हा जे. जी. बेनेट या आध्यात्मिक शिक्षकाच्या लेखनानं झपाटला होता. स्टुडिओत त्यानं स्वतःचं मत द्यायचंच बंद केलं, निर्णय वेटन आणि ब्रुफर्डवर सोडले. सप्टेंबरमध्ये त्यानं बँड बंद झाल्याचं जाहीर केलं, अल्बम ऑक्टोबरमध्ये आला. ब्रिटनच्या यादीत तो जेमतेम ४५ व्या क्रमांकापर्यंत गेला. नंतरच्या पिढ्यांनी त्याला जे स्थान दिलं ते पाहता हा आकडा वाचून हसू येतं.

पायरी चौथी: 'डिसिप्लिन', नवे नियम

सात वर्षांनी फ्रिप परतला. मधल्या काळात तो बेनेटच्या शेरबोर्न इथल्या निवासी अभ्यासक्रमात राहून आला होता, डेव्हिड बोवीच्या 'हीरोज'वर गिटार वाजवून आला होता, दोन टेपरेकॉर्डर जोडून एकट्यानं मैफली करून आला होता. नव्या बँडचं नाव सुरुवातीला 'डिसिप्लिन' होतं. नंतर पुन्हा किंग क्रिमसन झालं.

ब्रुफर्ड परत आला, पण या वेळी त्याच्यावर बंधनं होती. सिंबल टाळायचे, असा फ्रिपचा आग्रह. ब्रुफर्डनं इलेक्ट्रॉनिक ड्रम्स घेतले. रॉकमध्ये सिंबलची ती सततची सळसळ वाद्यांमधली पोकळी भरून टाकते. ती काढली की प्रत्येक सूर उघडा पडतो. त्या उघड्या जागेत दोन गिटार विणल्या गेल्या, फ्रिपची आणि अमेरिकन एड्रियन बेल्यूची, जो गातही होता आणि गिटारमधून हत्तीची चीत्कारही काढत होता. चौथा टोनी लेव्हिन, बेसबरोबर 'स्टिक' हे बोटांनी ठोकून वाजवायचं वाद्य घेऊन. जावा बेटावरच्या गामेलान वाद्यवृंदाचा प्रभाव इथं स्पष्ट आहे.

'फ्रेम बाय फ्रेम' हे गाणं या पायरीचं प्रात्यक्षिक समजा. दोन्ही गिटार एकच धून एकत्र वाजवत निघतात. मग एक गिटार १४ सुरांच्या आवर्तनात राहते आणि दुसरी एक सूर गाळून १३ च्या आवर्तनात जाते. दर फेरीला ती एका सुरानं पुढं सरकते. डाव्या आणि उजव्या कानात काय चाललंय ते वेगवेगळं ऐका. हरवलात तर समेवर परत या. तबला ऐकणाऱ्या माणसाला यातली गंमत समजावून सांगावी लागत नाही, पाश्चात्त्य रॉकवर वाढलेल्यांना मात्र यावर लेखच्या लेख लिहावे लागलेत.

'थेला हुन गिंजीत' ऐकताना मधे बेल्यू धापा टाकत काहीतरी सांगताना ऐकू येतो. ती अभिनयाची कमाल नाही. गाण्यासाठी रस्त्यावरचे आवाज टिपायला तो टेपरेकॉर्डर घेऊन लंडनच्या गल्लीत गेला, काही टगे त्याच्या अंगावर आले, त्यातून सुटला तर पोलिसांनी अडवलं. परत स्टुडिओत येऊन घाबऱ्याघुबऱ्या तो हे सांगत असताना फ्रिपनं मुद्रण चालू करायची खूण केली.

पुढचे दोन अल्बम, 'बीट' (१९८२) आणि 'थ्री ऑफ अ परफेक्ट पेअर' (१९८४), याच चौघांचे. लक्षात घ्या, सलग तीन अल्बम तोच संच ही या बँडच्या इतिहासात पहिलीच वेळ. आणि तरीही, किंवा त्यामुळेच, दर अल्बमागणिक जोर उतरतो असं मला वाटतं. 'बीट'मधलं 'निल अँड जॅक अँड मी' आणि 'थ्री ऑफ अ परफेक्ट पेअर'चं शीर्षकगीत ऐका, आवडलं तर उरलेलं ऐका.

पायरी पाचवी: आता मागं वळा, १९७० आणि १९७१

पहिला संच फुटल्यावरचे तीन अल्बम नवख्यांनी सुरुवातीला ऐकू नयेत असं मी सांगतो, आणि इथवर आल्यावर जरूर ऐकावेत असंही. या काळात ड्रमवर कुणी टिकतच नव्हतं. तेच या अल्बमांचं वैशिष्ट्य आणि तीच अडचण.

'इन द वेक ऑफ पोसायडन' (१९७०): बँड सोडलेला जाइल्स फक्त मुद्रणापुरता परत आलाय, लेकही जाता जाता गाऊन गेलाय. रचना पहिल्या अल्बमच्या सावलीत. गंमत म्हणजे ब्रिटनच्या यादीत या बँडला मिळालेला सर्वांत वरचा क्रमांक, चौथा, याच अल्बमला. 'कॅट फूड' ऐका, किथ टिपेटचा पियानो पायऱ्यांवरून गडगडत येतो.

'लिझर्ड' (डिसेंबर १९७०): ड्रमवर अँडी मॅककुलक, गायक हॅस्केल, भोवती जॅझचे वादक. दुसरी बाजू पूर्ण एका तेवीस मिनिटांच्या रचनेची, तिच्या सुरुवातीला येसचा जॉन अँडरसन गातो. हा अल्बम गजबजलेला आहे. मला आवडतो, पण कुणाला पटवायला जात नाही.

'आयलंड्स' (१९७१): ड्रमवर इयन वॉलेस, गायक बॉझ बरेल. बेसवादक मिळेना म्हणून फ्रिपनं बरेललाच बेस शिकवला, पुढं तो 'बॅड कंपनी' या प्रचंड गाजलेल्या बँडचा बेसवादक झाला! 'सेलर्स टेल'मधला फ्रिपचा गिटार एकल चुकवू नका. शब्द लिहिणारा पीट सिनफील्ड, ज्यानं बँडला नाव दिलं होतं, तो या अल्बमनंतर बाहेर पडला.

याच संचाचा 'अर्थबाउंड' हा मैफलींचा अल्बम साध्या कॅसेटवर मुद्रित केलेला आहे आणि तसाच ऐकू येतो. तो सर्वांत शेवटी.

पायरी सहावी: नव्वदचं दशक, झटपट

१९९४ मध्ये दोन गिटार, दोन बेससदृश वाद्यं, दोन ड्रमर असा सहा जणांचा 'दुहेरी त्रिकूट' संच आला. ब्रुफर्डच्या शेजारी पॅट मॅस्टेलोटो. हा आधी 'मिस्टर मिस्टर' या ऐंशीच्या दशकातल्या पॉप बँडचा ड्रमर. 'थ्रॅक' (१९९५) हेडफोनवरच ऐका, काही ठिकाणी एक त्रिकूट डाव्या आणि दुसरं उजव्या बाजूला ठेवलंय. 'डायनोसॉर' हे गाणं सहज आवडण्यासारखं आहे, 'बी'बूम' ही दोन ड्रमरांची जुगलबंदी.

त्यानंतर ब्रुफर्ड कायमचा गेला. मग चौघांनी, म्हणजे फ्रिप, बेल्यू, ट्रे गन आणि मॅस्टेलोटो यांनी, 'द कन्स्ट्रक्शन ऑफ लाइट' (२०००) आणि 'द पॉवर टू बिलीव्ह' (२००३) केले. पहिल्यावरचे इलेक्ट्रॉनिक ड्रम्स अनेकांना खटकले. २०१९ मध्ये मॅस्टेलोटोनं खऱ्या ड्रम्सवर ते भाग पुन्हा वाजवले आणि सुधारित आवृत्ती निघाली. दोन्ही लागोपाठ ऐकून बघा, ड्रमवरून बँड बदलतो हे मी का म्हणतो ते कळेल. मेटल आवडणाऱ्यांनी मात्र थेट 'द पॉवर टू बिलीव्ह'वरून सुरुवात केली तरी हरकत नाही. 'टूल' या मेटल बँडच्या दौऱ्यात २००१ मध्ये किंग क्रिमसन त्यांच्या आधी वाजवत होता, ते उगीच नाही.

पायरी सातवी: तीन ड्रमर पहिल्या रांगेत

२०१४ ते २०२१ च्या संचानं एकही नवा स्टुडिओ अल्बम काढला नाही. नवख्यांना मात्र कदाचित हाच संच सर्वांत उपयोगी, कारण त्यानं सगळ्या काळातलं संगीत एकाच हातानं वाजवलं. १९६९ ते ७१ मधली कितीतरी गाणी चार दशकांनंतर रंगमंचावर परतली.

मांडणी बघण्यासारखी. तीन ड्रमर सर्वांत पुढे: मॅस्टेलोटो, गॅव्हिन हॅरिसन आणि बिल रीफ्लिन (नंतर त्याच्या जागी जेरेमी स्टेसी, आणि रीफ्लिन परतल्यावर कीबोर्डवर). मागच्या उंचवट्यावर फ्रिप, लेव्हिन, १९७० च्या अल्बमांवरचा सॅक्सोफोनवादक मेल कॉलिन्स, आणि गायक जॅको जॅकझिक. या जॅकझिकनं शाळकरी वयात १९७१ चा किंग क्रिमसन प्रत्यक्ष पाहिला होता, आणि पुढं लग्न केलं ते पहिल्या ड्रमरच्या, मायकेल जाइल्सच्या मुलीशी. तिघे ड्रमर एकाच वेळी धडाधडा वाजवत नाहीत. एकच रचना तुकड्यातुकड्यांनी वाटून घेतात, एक ठोका इथं, पुढचा तिथं. हे कानांपेक्षा डोळ्यांनी लवकर कळतं, म्हणून बँडच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवरचं 'स्टारलेस' बघा. पहिल्या पायरीवरच्या गाण्यातलं ब्रुफर्डचं काम तिघांत कसं वाटलंय ते दिसेल.

मैफलीत फोटो काढायला बंदी होती. शेवटी लेव्हिननं आपला कॅमेरा उचलला की मगच प्रेक्षकांनी फोन काढायचे. आपल्याकडे सभागृहात मोबाइलच्या उजेडात नाटक पाहणाऱ्यांना हा नियम फार आवडेल. शेवटची मैफल ८ डिसेंबर २०२१ ला टोकियोत झाली, आणि तीही 'स्टारलेस'वर संपली.

ऐकायला 'रॅडिकल अ‍ॅक्शन' (२०१६) किंवा 'मेल्टडाउन: लाइव्ह इन मेक्सिको सिटी' (२०१८) घ्या. दोन्ही लांब आहेत, एका बैठकीत संपवायचा हट्ट नको.

आवृत्त्यांचा गोंधळ

स्ट्रीमिंगवर हा बँड उशिरा, २०१९ मध्ये, पूर्णपणे आला. आता तिथं एकाच अल्बमच्या अनेक आवृत्त्या दिसतील. साधा नियम: पहिल्यांदा मूळ मिश्रण (मिक्स) ऐका. २००९ पासून संगीतकार स्टीव्हन विल्सननं केलेली नवी मिश्रणं स्वच्छ आहेत, 'लिझर्ड'सारख्या गजबजलेल्या अल्बमला तर त्यांचा फारच फायदा झालाय, पण 'रेड' थोडा धुरकट असलेलाच बरा वाटतो. मैफलींच्या मुद्रणांचा ढीग अफाट आहे. त्यात शिरायची घाई करू नका. शिरायचंच असेल तर 'द नाइट वॉच' घ्या, अ‍ॅमस्टरडॅमची तीच मैफल, जिच्यात ब्रुफर्ड गप्प बसला होता.

फ्रिपला तुम्ही फक्त स्वयंपाकघरातल्या त्या रविवारच्या व्हिडिओंतून ओळखत असाल, पत्नी टोया विलकॉक्सबरोबर लॉकडाउनमध्ये केलेल्या, तर तोच तो माणूस. बसायची पद्धतही तीच.

सगळं झाल्यावर एक प्लेलिस्ट

'लार्क्स टंग्ज इन अ‍ॅस्पिक' ही रचना एका अल्बमपुरती नाही. भाग पहिला आणि दुसरा १९७३ मध्ये, तिसरा १९८४ मध्ये 'थ्री ऑफ अ परफेक्ट पेअर'च्या शेवटी, चौथा २००० मध्ये. २००३ मधलं 'लेव्हल फाइव्ह' हा पाचवा भागच, नाव तेवढं निराळं. हे पाची तुकडे ओळीनं लावा. पाऊण तासाचं काम आहे. पहिल्यात ब्रुफर्ड आणि म्युअर, दुसऱ्यातही तेच दोघे, तिसऱ्यात इलेक्ट्रॉनिक ड्रम्सवर ब्रुफर्ड, चौथ्या आणि पाचव्यात मॅस्टेलोटो. फ्रिपची गिटार तीस वर्षं एकच गोष्ट सांगत राहते. तिसऱ्या भागापर्यंत आलात की गिटारकडे दुर्लक्ष करा आणि फक्त खालचे ठोके ऐका.